भूकंपांच्या नोंदींत आवर्तन कसं शोधायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एखाद्या प्रदेशातल्या भूकंपांची दहा-वीस वर्षांची यादी समोर आली की जवळजवळ प्रत्येकाला एकच प्रश्न पडतो: हे धक्के ठरावीक काळाने वाढतात-घटतात का? प्रश्न रास्त आहे, आणि काही ठिकाणी त्याचं उत्तर 'हो' असंच आहे. पण नोंदींत दिसणारी बरीचशी आवर्तनं जमिनीची नसतात. ती नोंद घेणाऱ्यांच्या दिनक्रमाची, हवामानाची किंवा आपल्या हिशेबाच्या पद्धतीची असतात. म्हणून खाली 'कसं शोधायचं' याच्या बरोबरीनेच 'सापडलेलं कसं पारखायचं' यावर भर दिला आहे.

आवर्तन म्हणजे नेमकं काय? 'दर शंभर वर्षांनी मोठा भूकंप' म्हणतात तेच का?

नाही. इथे दोन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळतात. पहिला, एकाच भ्रंशावर (कवचातल्या ज्या भेगेवर खडक सरकतात तिच्यावर) मोठे भूकंप साधारण सारख्या अंतराने येतात का? दुसरा, प्रदेशातल्या शेकडो-हजारो लहान भूकंपांचा दर दिवस, पंधरवडा किंवा वर्ष अशा ठरलेल्या काळाने वरखाली होतो का? पहिल्यात हातात पाच-दहा घटना असतात, दुसऱ्यात हजारो. पहिल्यात ताण साठायला लागणारा काळ मोजायचा असतो. दुसऱ्यात बाहेरून येणारा एखादा छोटा, नियमित ढकला शोधायचा असतो. खालची बहुतेक उत्तरं दुसऱ्या प्रश्नाची आहेत. पहिल्याकडे शेवटी येऊ.

जमिनीखाली कित्येक किलोमीटर खोल असलेल्या भ्रंशाला ऋतू किंवा भरती-ओहोटी कशी कळणार?

भार आणि पाणी, या दोन वाटांनी. पावसाळ्यात पडलेलं पाणी, डोंगरावरचा बर्फ, धरणातला साठा यांचं वजन कवचाला किंचित वाकवतं. तेच पाणी भेगांतून झिरपत खाली गेलं की छिद्रांमधला दाब वाढतो आणि भ्रंशाच्या दोन बाजूंना दाबून धरणारी पकड सैल होते. भाराचा परिणाम लगेच होतो, झिरपण्याचा परिणाम आठवड्यांनी किंवा महिन्यांनी. हा उशीर लक्षात ठेवा, निकाल पारखताना तो फार उपयोगी पडतो.

चंद्र-सूर्याच्या ओढीने घन पृथ्वीलाही भरती येते. त्यातून खडकांत निर्माण होणारा ताण साधारण १ ते ४ किलोपास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या काही टक्के. एका भूकंपात मोकळा होणारा ताण १ ते १० मेगापास्कलच्या घरात असतो, म्हणजे शेकडो ते हजारो पट. तरी भरतीला क्षुल्लक म्हणता येत नाही, कारण ती हा ताण सहा तासांत बदलते आणि भूपट्टांच्या सरकण्याने तेवढा ताण साठायला महिने लागू शकतात. भ्रंश ठरलेली मर्यादा गाठताच त्या क्षणी तुटत असते, तर बहुतेक सगळे भूकंप भरतीच्या ठरावीक वेळीच झाले असते. तसं होत नाही. घसरण सुरू होऊन भूकंप होईपर्यंत वेळ लागतो, आणि तो वेळ भरतीच्या चक्रापेक्षा मोठा असला तर भरतीचा ठसा पुसला जातो. वर्षाचा ठसा मात्र टिकू शकतो.

खात्रीने आवर्तन दिसलेली ठिकाणं आहेत का?

आहेत. कोयनेचं उदाहरण जगभर दिलं जातं. शिवाजीसागर जलाशयात १९६२ पासून पाणी साठू लागलं, १० डिसेंबर १९६७ रोजी ६.३ मॅग्निट्यूडचा भूकंप झाला, आणि त्यानंतर आजतागायत तिथली हालचाल थांबलेली नाही. तिथल्या भूकंपांचा दर जलाशयाच्या पातळीशी जोडलेला दिसतो: पावसाळ्यात साठा भरल्यावर सप्टेंबरच्या सुमारास एक चढ, पाणी उतरू लागल्यावर डिसेंबरच्या आसपास दुसरा. एका वर्षात दोन चढ असणं ही मोलाची खूण आहे. निव्वळ वार्षिक लाट शोधणारी चाचणी तिला कमी लेखते, म्हणून सहा महिन्यांचा काळही तपासावा लागतो.

नेपाळच्या हिमालयात लहान भूकंप हिवाळ्यात जास्त आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात कमी होतात. मोसमी पावसाचं पाणी गंगेच्या मैदानात साठतं, त्या वजनाने भारतीय भूपट्ट किंचित वाकतो आणि हिमालयाखालची आडवी दाबणी कमी होते. पाणी ओसरलं की ती परत वाढते. जीपीएस केंद्रांच्या मोजणीत हेच मागे-पुढे होणं दिसतं. त्याच प्रदेशात २०१३ साली एडर आणि आव्हुआक या संशोधकांनी भरतीचं आवर्तनही शोधलं, ते मिळालं नाही. वर्षाचं मिळालं, भरतीचं नाही, हे वर सांगितलेल्या सावकाश सुरू होणाऱ्या घसरणीशी जुळतं.

भरतीचा ठळक परिणाम पाहायचा तर समुद्रतळाकडे जावं लागतं. अमेरिकेच्या ओरेगॉन किनाऱ्यापुढच्या ॲक्सियल सीमाउंट या ज्वालामुखीत २०१५ च्या उद्रेकाआधी भूकंप भरती-ओहोटीच्या तालावर होत होते. आणि सर्वांत सुंदर उदाहरण पृथ्वीवरचं नाहीच. अपोलो मोहिमांनी चंद्रावर ठेवलेल्या भूकंपमापकांनी १९७७ पर्यंत नोंदी पाठवल्या, त्यात ७०० ते ११०० किलोमीटर खोलीवरचे चंद्रकंप सुमारे २७ दिवसांच्या अंतराने त्याच त्या जागी परत परत येताना दिसले. तिथे पृथ्वीची ओढ फार मोठी आणि चंद्राचे स्वतःचे ताण फार थोडे, म्हणून ठोका इतका स्वच्छ ऐकू येतो.

मग पौर्णिमा-अमावास्येला मोठे भूकंप होतात हे खरं का?

जगातल्या ८ आणि त्यावरच्या मॅग्निट्यूडच्या भूकंपांचं वर्षातल्या तारखांशी किंवा चंद्राच्या कलांशी नातं आहे का, हे भूकंपशास्त्रज्ञ सुझन हफ यांनी २०१८ मध्ये तपासलं. त्या निबंधाचा सारांश एका शब्दाचा आहे: 'नाही'. मोठ्या भरतीच्या काळात लहान धक्का वाढत जाऊन मोठा होण्याची शक्यता किंचित जास्त असावी, असं सुचवणारं संशोधनही आहे. पण तो सगळ्या नोंदींच्या सरासरीतून दिसणारा सूक्ष्म कल आहे. येत्या पौर्णिमेबद्दल त्यातून काहीही सांगता येत नाही.

नोंदी कुठून घ्याव्यात आणि आधी काय तपासावं?

भारतासाठी राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र, जगासाठी आंतरराष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्र आणि अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांच्या सूची खुल्या आहेत. एका अभ्यासात शक्यतो एकच सूची वापरा. दोन सूची जोडल्या की मॅग्निट्यूडच्या व्याख्या बदलतात आणि सांध्यावर खोटी उडी तयार होते.

पहिलं काम म्हणजे पूर्णतेची पातळी ठरवणं: कोणत्या मॅग्निट्यूडच्या वरचा प्रत्येक भूकंप नक्की नोंदला गेला आहे? मॅग्निट्यूड एकने कमी झालं की भूकंपांची संख्या साधारण दहापट होते. हा सरळ रेषेतला नियम जिथे खाली वाकू लागतो, तिथून खालच्या नोंदी अपुऱ्या असतात. त्या टाकून द्या. संख्या कमी होते म्हणून जीव कासावीस होतो, पण अपुऱ्या नोंदी ठेवल्या तर पुढचा सगळा हिशेब केंद्रांच्या ऐकण्याच्या क्षमतेचा होतो. ही पातळी पूर्ण काळासाठी एकदाच काढू नका. नवी केंद्रं आली, जुनी बंद पडली की ती हलते. एकच पातळी लावायची तर सर्वांत वाईट काळातली लावा.

दुसरं, वेळ. सगळ्या नोंदी जागतिक समन्वित वेळेत (UTC) आहेत ना? काही जुन्या सूचींत अर्धी वर्षं स्थानिक वेळेत असतात.

आमच्या सूचीत रात्री जास्त भूकंप दिसतात. कारण काय असावं?

जवळजवळ नक्कीच गोंगाट. दिवसा वाहनं, यंत्रं, माणसांची ये-जा यांमुळे जमीन सतत थरथरत असते, आणि लहान भूकंपांची खूण त्यात बुडते. रात्री शांतता असते म्हणून ते ऐकू येतात. भूकंप तेवढेच असतात, ऐकणं सुधारतं. याच्या उलट चित्रही दिसतं: दुपारच्या ठरावीक तासांत भूकंप जास्त, रविवारी शून्य. ते खाणीतले सुरुंग असतात आणि भूकंप म्हणून सूचीत शिरलेले असतात. सात दिवसांचं आवर्तन निसर्गात कुठेच नाही, म्हणून ते सापडलं तर सूचीत माणसाचा हात आहे एवढं निश्चित धरा. मी तर कोणतीही नवी सूची हातात आली की सात दिवसांची चाचणी सर्वांत आधी लावतो. सूची तिच्यात नापास झाली तर बाकीच्या चाचण्यांना अर्थ नसतो.

इथे एक युक्ती कामाची आहे. चोवीस आणि बारा तास हे माणसाच्या घड्याळाचे काळ आहेत. चंद्राच्या मुख्य भरतीचा काळ १२.४२ तास आणि दुसऱ्या एका भरती-घटकाचा २५.८२ तास आहे. हे काळ कुठल्याही कार्यालयाच्या किंवा खाणीच्या वेळापत्रकात बसत नाहीत. तेव्हा भरतीचा परिणाम शोधायचा तर १२.४२ तासांवर शोधा. सूर्यामुळे होणारी नेमकी बारा तासांची भरतीही असते, पण तिथे मिळालेलं काहीही गोंगाटापासून वेगळं काढता येत नाही.

ऋतूंचाही गोंगाट असतो, आणि तो जास्त फसवा. पावसाळ्यात नद्या फुगतात, वारा वाढतो, समुद्र खवळतो, आणि केंद्रांना लहान धक्के ऐकू येत नाहीत. मग हिवाळ्यात भूकंप 'वाढल्याचं' दिसणारच. नेपाळच्या निष्कर्षावर पहिला आक्षेप हाच येऊ शकतो. त्याला उत्तर देण्याचा मार्ग एकच: मॅग्निट्यूडची मर्यादा पायरीपायरीने वर न्या. आवर्तन गोंगाटातून आलेलं असेल तर मर्यादा वाढवताच ते विरतं. जमिनीतलं असेल तर घटना कमी झाल्याने अनिश्चितता वाढते, पण चढ-उतार टिकून राहतो. नेपाळात तो टिकला.

पश्चात धक्के (मोठ्या भूकंपामागून येणारे) काढून टाकायलाच हवेत का?

हो, किंवा त्यांचा हिशेब तरी धरायला हवा. सांख्यिकी चाचण्या प्रत्येक भूकंप स्वतंत्र आहे असं मानतात, आणि पश्चात धक्के मुळीच स्वतंत्र नसतात. दहा वर्षांत एक हजार भूकंप झाले आणि त्यातले तीनशे एकाच एप्रिलमधल्या मोठ्या धक्क्यामागून आले, अशी सूची घ्या. वार्षिक चाचणी छातीठोकपणे सांगेल की एप्रिलमध्ये भूकंप वाढतात. प्रत्यक्षात पुरावा तीनशे घटनांचा नाही, एका घटनेचा आहे.

पश्चात धक्क्यांचा दर काळाच्या व्यस्त प्रमाणात घटतो, हे जपानी भूकंपशास्त्रज्ञ ओमोरी यांनी १८९४ मध्येच दाखवलं. त्यांना वेगळं काढण्याच्या पद्धती बऱ्याच आहेत. गार्डनर आणि नोपॉफ यांची १९७४ ची पद्धत मॅग्निट्यूडनुसार काळाची आणि अंतराची चौकट ठरवून आतले धक्के काढून टाकते. पश्चात धक्के काढल्यावर दक्षिण कॅलिफोर्नियातले भूकंप पूर्णपणे यादृच्छिक (निव्वळ योगायोगाने विखुरलेले) उरतात का, असा त्यांच्या निबंधाचा प्रश्न होता आणि सारांश एका शब्दाचा: 'होय'. १९८५ ची रिझनबर्ग यांची पद्धत साखळ्या जोडत जाते. १९८८ मध्ये ओगाता यांनी मांडलेल्या नमुन्यात प्रत्येक भूकंप पुढच्यांना जन्म देऊ शकतो आणि कोण कुणाचं 'अपत्य' ते संभाव्यतेने ठरतं.

यातली कुठलीच अंतिम नाही. एकाच सूचीवर दोन पद्धती लावल्या तर उरणारे मुख्य धक्के वेगळे येतात. म्हणून किमान दोन पद्धतींनी निकाल काढा, आणि आवर्तन एकीत दिसून दुसरीत गायब झालं तर ते जाहीर करू नका.

मुख्य चाचणी कोणती?

आर्थर शूस्टर यांनी १८९७ मध्ये मांडलेली चाचणी आजही पहिली निवड आहे. ती कागदावर करता येते.

वर्षाला घड्याळाच्या तबकडीसारखं गोल कल्पा, १ जानेवारी वरच्या टोकाला. प्रत्येक भूकंपासाठी त्याच्या तारखेच्या दिशेने एक पाऊल टाका, पुढचं पाऊल तिथून पुढे. सगळे भूकंप संपल्यावर निघालेल्या जागेपासून किती दूर आलात ते मोजा. दिशा यादृच्छिक असतील तर पावलं एकमेकांना रद्द करतात आणि अंतर साधारण संख्येच्या वर्गमुळाएवढं उरतं: ४०० भूकंपांसाठी सुमारे २० पावलं. एका दिशेची ओढ असेल तर अंतर वाढत जातं.

निव्वळ योगायोगाने एवढं किंवा याहून जास्त अंतर पडण्याची शक्यता काढायला अंतराच्या वर्गाला भूकंपसंख्येने भागा आणि 'ई' या स्थिरांकाचा (सुमारे २.७१८) तेवढा ऋण घातांक घ्या. ४०० भूकंपांत अंतर २० आलं तर भागाकार १, शक्यता ३७ टक्के. म्हणजे काहीच सापडलेलं नाही. अंतर ४० आलं तर भागाकार ४ आणि शक्यता १.८ टक्के. ६० आलं तर भागाकार ९ आणि शक्यता सुमारे ०.०१२ टक्के. तिथे लक्ष देण्यासारखं काहीतरी आहे. शेवटच्या जागेची दिशा आवर्तनाचा चढ वर्षात कधी येतो तेही सांगते.

महिन्यांप्रमाणे मोजून स्तंभालेख काढला तर चालत नाही का?

पाहण्यासाठी चालतो, निर्णयासाठी नाही. फेब्रुवारी २८ दिवसांचा आणि जानेवारी ३१ चा, म्हणजे भूकंप समान दराने झाले तरी दोन स्तंभांत १० टक्क्यांहून जास्त फरक पडतो. खऱ्या आवर्तनाची उंची अनेकदा तेवढीच असते. शिवाय महिन्यांत गोळा केल्यावर दोन महिन्यांहून लहान काळाची माहिती हातची जाते. भूकंपाची वेळ सेकंदापर्यंत माहीत असताना ती फेकून कशाला द्यायची?

किती भूकंप असले तर आवर्तन सापडू शकतं?

हे आवर्तनाच्या जोरावर ठरतं. दर सरासरीपेक्षा ३० टक्के वरखाली होत असेल, तर एक टक्क्याच्या कसोटीला उतरायला (योगायोगाची शक्यता एक टक्क्यावर यायला) साधारण २०० स्वतंत्र भूकंप लागतात. १० टक्के असेल तर सुमारे १,८५०. ५ टक्के असेल तर ७,४०० च्या आसपास. जोर अर्धा झाला की गरज चौपट होते. हा हिशेब काम सुरू करण्याआधी करा. दीडशे मुख्य धक्के असताना पाच टक्क्यांचं आवर्तन शोधणं व्यर्थ आहे, आणि 'सापडलं नाही' याचा अर्थ तिथे 'नाही' असा होत नाही.

सगळेच कालावधी तपासून कुठे उसळी दिसते ते पाहिलं तर?

पाहा, पण कसोटी कडक करा. हजार स्वतंत्र कालावधी तपासले तर त्यातल्या एखाद्याची शक्यता निव्वळ योगायोगाने हजारात एक एवढी कमी येणारच. २० वर्षांच्या सूचीत एका दिवसाच्या काळाची ७,३०० च्या वर आवर्तनं होतात, म्हणून त्या काळाच्या आसपास धुंडाळताना शक्यता ७,३०० त एकपेक्षा बरीच खाली गेल्याशिवाय थांबू नका.

एडर आणि आव्हुआक यांनी शूस्टर चाचणी सर्व कालावधींवर लावून असा आलेख काढायची पद्धत घालून दिली. तिचा मला सर्वांत आवडणारा भाग असा की ती उरलेले पश्चात धक्केही उघडे पाडते. खरं आवर्तन एका कालावधीवर टोकदार उसळी दाखवतं. गुच्छ उरले असतील तर एका मर्यादेपुढचे सगळेच लांब कालावधी अर्थपूर्ण दिसू लागतात. तसं दिसलं की परत मागे जाऊन सूची स्वच्छ करायची.

प्रदेशाची सीमाही याच हिशेबात येते. नकाशावर चौकट हलवत राहून जिथे आवर्तन ठळक दिसतं तिथे थांबलात, तर तुम्ही शेकडो चाचण्या केल्या आणि एकच सांगितली. सीमा भूगर्भरचनेवरून आधी ठरवा.

किती वर्षांची सूची लागते?

शोधायच्या काळाची दहा तरी आवर्तनं त्यात बसावीत. वार्षिकासाठी दहा वर्षं ही मला खालची मर्यादा वाटते. चंद्राच्या कक्षेचं १८.६ वर्षांचं चक्र शोधायचं तर एकसारख्या दर्जाच्या जवळजवळ दोनशे वर्षांच्या नोंदी लागतील, आणि तेवढा काळ उपकरणंच नव्हती.

मोठे भूकंप ठरावीक अंतराने येतात का?

कॅलिफोर्नियातल्या पार्कफिल्डची कथा यासाठी वाचायलाच हवी. सॅन अँड्रियास भ्रंशाच्या त्या तुकड्यावर १८५७, १८८१, १९०१, १९२२, १९३४ आणि १९६६ मध्ये सहाच्या आसपासचे भूकंप झाले. सरासरी अंतर सुमारे २२ वर्षं. १९८५ मध्ये बाकुन आणि लिंड या संशोधकांनी पुढचा भूकंप १९८८ च्या सुमारास, आणि बहुधा १९९३ च्या आत होईल असं मांडलं. तिथे उपकरणांचं दाट जाळं उभारलं गेलं. ६.० मॅग्निट्यूडचा भूकंप आला तो २८ सप्टेंबर २००४ ला. अंतरं एकापुढे एक लिहिली तर २४, २०, २१, १२, ३२ आणि शेवटी ३८ वर्षं. पहिली तीन अंतरं इतकी सारखी होती की त्यांचा मोह पडणं स्वाभाविक होतं, पण पाच अंतरांवर उभा केलेला नियम किती भार पेलणार?

अंतरांची नियमितता मोजायला त्यांच्या प्रमाण विचलनाला (अंतरं सरासरीभोवती किती पसरली आहेत त्या मापाला) सरासरीने भागतात. अगदी घड्याळासारखं असेल तर शून्य, पूर्ण यादृच्छिक असेल तर एक, गुच्छांत येत असतील तर एकाहून जास्त. न्यूझीलंडच्या अल्पाइन भ्रंशावर मातीच्या थरांतून सुमारे ८,००० वर्षांतले २४ मोठे भूकंप ओळखले गेले, तिथे हा आकडा ०.३३ च्या आसपास येतो. इतकी शिस्त दाखवणारे भ्रंश थोडे. जपानच्या नानकाई खंदकावरही १७०७, १८५४ आणि १९४६ ही शेवटची तीन वर्षं पाहिली तर अंतरं १४७ आणि ९२ वर्षांची आहेत.

आवर्तन सिद्ध झालं तर भाकीत करता येईल का?

नाही. दर ३० टक्क्यांनी वाढणं म्हणजे काय ते आकड्यांत पाहा. एखाद्या प्रदेशात वर्षभरात नुकसानकारक भूकंपाची शक्यता १ टक्का असेल, तर सरासरी महिन्याला ती ०.०८३ टक्के. आवर्तनाच्या शिखरावरच्या महिन्यात ती ०.१०८ टक्के होईल. त्यावरून कुणाला घर सोडायला सांगता येत नाही, आणि उरलेल्या महिन्यांत निर्धास्त राहा असं तर मुळीच सांगता येत नाही.

उपयोग वेगळा आहे. पाण्याच्या भाराने ताण किती बदलला हे मोजता येतं आणि त्याला भूकंपांनी दिलेला प्रतिसादही मोजता येतो. दोन्हींच्या तुलनेतून भ्रंश तुटण्याच्या किती जवळ आहे आणि घसरण सुरू व्हायला किती वेळ लागतो याचा अंदाज बांधता येतो. खोलवरच्या खडकावर प्रयोग करण्याची अशी संधी निसर्ग क्वचितच देतो.

मला आवर्तन सापडलं आहे. जाहीर करण्याआधी काय करू?

सूचीचे काळानुसार दोन भाग करा. दोन्ही भागांत चढ वर्षाच्या त्याच सुमारास यायला हवा. एकात मार्च आणि दुसऱ्यात ऑक्टोबर आला तर ते आवर्तन नाही. मॅग्निट्यूडची मर्यादा वाढवून पाहा. पश्चात धक्के दुसऱ्या पद्धतीने काढून पाहा. मग कारणाकडे वळा: पावसाच्या, जलाशयाच्या किंवा भूजलाच्या नोंदी शेजारी ठेवा आणि चढ किती दिवस मागे आहे ते मोजा. भाराचा परिणाम असेल तर उशीर नसावा. झिरपण्याचा असेल तर खोलीप्रमाणे उशीर वाढायला हवा, म्हणून उथळ आणि खोल भूकंप वेगळे करून तपासा.

यानंतरची परीक्षा सर्वांत कठीण आहे आणि तिला वेळ लागतो. कालावधी, चढाचा महिना, प्रदेशाची सीमा आणि मॅग्निट्यूडची मर्यादा आज कागदावर लिहून त्यावर तारीख घाला. पुढची काही वर्षं त्यातलं काहीही न बदलता फक्त नवे भूकंप गोळा करा, आणि मग तीच पावलं पुन्हा मोजा.